दाखल नोंदवहीपासून सुरुवात करायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, या अटीवरच आपण आमच्या संग्रहाच्या कामाला हात लावलात, त्यामुळे हे पत्र उघड असले तरी ते कोणाला लिहिले आहे हे वाचकांना कळणार नाही. ग्रंथपालाच्या कामाची खूण पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या वर्गांकापुरतीच असावी, हे आपले मत मला मान्य नाही. परंतु शब्द दिला आहे, तो पाळते. आभार मात्र चारचौघांत मानते, कारण महाराष्ट्रातील चित्रकला आणि रंगभूमी यांविषयीचा आमचा ऑनलाइन संग्रह ज्यांच्या उपयोगी पडतो, त्यांना तो वापरण्याजोगा कोणी केला हे निदान इतपत तरी ठाऊक असावे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघे आपल्याकडे आलो, तेव्हा आमच्याजवळ साहित्याला तोटा नव्हता. जुन्या शिळाछापांच्या प्रतिमा, संगीत नाटकांची हस्तपत्रके, प्रदर्शनांच्या पुस्तिका, चित्रकारांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि निरनिराळ्या वस्तुसंग्रहालयांच्या ऑनलाइन दालनांचे दुवे, हे सारे ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘महत्त्वाचे’ आणि ‘नंतर पाहू’ अशा नावांच्या फोल्डरांत कोंबलेले होते. शोधशब्द लिहिण्याची सोय दिली की वर्गीकरणाची गरज उरत नाही, अशी आमची समजूत होती आणि ती मी आपल्याला बऱ्यापैकी ऐटीत ऐकवली होती. ज्याला चित्रकाराचे नावच माहीत नाही त्याने तेथे काय लिहायचे, एवढेच आपण विचारलेत. कपाटासमोर उभा राहिलेला वाचक एक पुस्तक काढायला येतो आणि पुष्कळदा शेजारचे घेऊन जातो; हा शेजार आपोआप जमत नाही, तो कोणीतरी विचारपूर्वक लावलेला असतो, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

त्यानंतर आपण आम्हाला कामाला लावलेत ते वर्गीकरणाला नव्हे, तर दाखल नोंदवहीला. महिनाभर नवीन काहीही घ्यायचे नाही. जे आहे त्यातील प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्यायचा, ती कधी आली, कोणाकडून आली, मूळ वस्तू कोठे आहे आणि तिच्यावर हक्क कोणाचा आहे, हे लिहायचे. खरे सांगायचे तर, आपण आमची चिकाटी पाहण्यासाठी हे करता आहात असे मला वाटले होते. परंतु हक्काचा तो एक रकाना भरतानाच आमचे डोळे उघडले. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे १९४४ मध्ये निवर्तलेल्या म. वि. धुरंधरांची चित्रे मोकळेपणाने दाखवता येतात, पण अलीकडच्या कितीतरी चित्रकारांची चित्रे आम्ही कोणालाही न विचारता मांडून ठेवली होती. ती आपण काढायला लावलीत, आणि त्यांच्या जागी केवळ नोंद व मूळ ठिकाणाचा दुवा ठेवायला सांगितलात.

वर्गीकरणाच्या दिवसांची आठवण मला सर्वांत प्रिय आहे. ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत ७०० पासून कला सुरू होतात, ७५० ला चित्रकला, ७६० ला मुद्राचित्रे, ७८० ला संगीत आणि ७९२ ला रंगभूमी. नाटक आणि क्रिकेट एकाच ७९० च्या घरात नांदतात हे ऐकून आम्ही हसलो, तेव्हा मराठी माणसाला त्यात हसण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आपण केलात. ‘रविवर्मा’ या एकाच फोल्डरमध्ये आम्ही त्यांची तैलचित्रे आणि घरोघरी लागलेल्या तसबिरी एकत्र ठेवल्या होत्या. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यांच्या हयातीतच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला आणि १९०६ मध्ये चित्रकाराचे निधन झाल्यावरही तेथे छपाई होतच राहिली. तेव्हा तसबिरीच्या तळाशी असलेले ते नाव पुष्कळदा छापखान्याचे असते, चित्रकाराचे नव्हे, हे आपण भिंगाखाली दाखवून दिलेत. त्या एका फोल्डरचे दोन विभाग झाले आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या ‘हेही पाहा’च्या नोंदी तयार झाल्या.

पिंगुळीच्या चित्रकथीवरून मात्र आपला आणि माझा सरळसरळ वाद झाला. कुडाळजवळच्या या गावातील ठाकर कलावंत सुट्या चित्रांची पोथी समोर ठेवून वीणा, टाळ आणि हुडुक नावाचे छोटे चर्मवाद्य यांच्या साथीने कथा गातात आणि एकेक चित्र पुढे करतात. हीच मंडळी कळसूत्री बाहुल्याही नाचवतात. मग हे चित्र म्हणायचे, गायन म्हणायचे की नाट्यप्रयोग? माझे म्हणणे असे होते की, कागदाच्या पुस्तकाला एकच जागा असते ही कपाटाची अडचण आहे. ऑनलाइन संग्रहात एक वस्तू दहा ठिकाणी ठेवता येते, तर ठेवावी. आपण ते शांतपणे ऐकून घेतलेत आणि मग सांगितलेत की, दहा ठिकाणी ठेवलेल्या वस्तूतील चूक एका ठिकाणी सुधारली जाते आणि नऊ ठिकाणी तशीच राहते. वस्तूचे घर एकच असावे, तिच्याकडे नेणाऱ्या वाटा मात्र हव्या तितक्या असाव्यात. घर म्हणजे वर्गांक आणि वाटा म्हणजे तालिकेतील नोंदी. चित्रकथीचे घर आपण प्रयोगकलांत ठरवलेत, कारण ती चित्रे भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, तर कथेच्या ओघात दाखवण्यासाठी काढलेली असतात. त्याच वेळी आपल्या लक्षात आले की, आमच्या संगणकाने एका पोथीची चित्रे फाइलच्या नावांप्रमाणे लावून कथेचा क्रमच मोडला होता. पोथी हा एक ग्रंथ आहे, तिची पाने वेगळी करायची नाहीत, हे आपले वाक्य आता आमच्या नियमावलीत पहिले आहे.

अशा गुंत्यांसाठी आपण रंगनाथनांकडे वळलात. गणिताचा हा अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून सुटे भाग जोडून वर्गांक बनवण्याची कल्पना त्याला सुचली आणि १९३३ मध्ये त्याची कोलन ही वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली, ही हकिकत आपण घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगितलीत. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थल आणि काल या त्यांच्या पाच मुखांवरूनच, म्हणजे विषयाकडे पाहण्याच्या पाच बाजूंवरूनच, आमच्या प्रत्येक नोंदीतील रकाने ठरले.

नावांचे प्रकरण वेगळेच होते. बाबूराव पेंटर आमच्याकडे तीन ठिकाणी होते: पेंटर म्हणून ‘प’मध्ये, मूळ आडनावामुळे मेस्त्री म्हणून ‘म’मध्ये आणि कोणा उत्साही मदतनिसामुळे कलामहर्षी म्हणून ‘क’मध्ये. नुसत्या ‘धुरंधर’ या नावाखाली रावबहादूर म. वि. धुरंधर आणि त्यांच्या चित्रकार कन्या अंबिका धुरंधर या दोघांची कामे मिसळली होती. प्रत्येक व्यक्तीचे एक प्रमाण नाव ठरवून बाकीच्या नावांवरून तेथे ‘पाहा’ची नोंद करण्याचे काम आपण दोन महिने आमच्याबरोबर बसून केलेत. अकारविल्हे लावताना संगणक ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी आणि ‘क्ष’ला ‘क’च्या पोटात घालतो, आणि मराठी वर्णमालेत ही दोन्ही अक्षरे ‘ह’नंतर येतात, ही खोडही आपल्याच नजरेने पकडली. मी ती किरकोळ समजून सोडून देणार होते. आपण सोडू दिली नाही, आणि आमच्यातील संगणकाच्या जाणकाराला त्यासाठी तीन रात्री जागवलेत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आपल्या सांगण्याप्रमाणे पहिली पडताळणी केली. कपाटातून पुस्तक नाहीसे होते तसे दुवेही मरतात. एका संस्थेने आपल्या दालनाची सारी मांडणी बदलल्यामुळे आमचे तिकडचे जवळजवळ सगळे दुवे तुटले होते. पूर्वी हे वर्षभर कोणाला समजले नसते. या वेळी दाखल नोंदवहीत मूळ वस्तूचा त्या संस्थेतील क्रमांक लिहिलेला असल्यामुळे दुवे चार दिवसांत पुन्हा जोडता आले, आणि ज्या रकान्याला मी कंटाळले होते त्याचे ऋण मला मान्य करावे लागले.

आपली जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची नमुना नोंदवही अजून माझ्याकडेच आहे. ती परत करण्यासाठी मी येत्या रविवारी येणार आहे, परंतु त्यामागे स्वार्थही आहे. बाबूराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले होते, आणि अशाच एका रंगवलेल्या पडद्याचे जुने छायाचित्र आमच्याकडे आले आहे. त्याला चित्रकलेत ठेवावे, रंगभूमीत की छायाचित्रणात, यावर आम्हा चौघांची चार मते आहेत. दाखल क्रमांक दिला आहे. वर्गांकाची जागा पेन्सिलीनेही भरलेली नाही.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी