करबुड्याचा बोगदा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा ‘हं, बोल आईशी’ म्हणतात आणि आई जेवणापासून सुरुवात करते. म्हणून लिहूनच पाठवतोय.

दोन वर्षं गणपतीला आलो नाही. रजा मिळत नाही म्हणायचो, ते खोटं होतं. त्याच्या आधीच्या शिमग्याहून गाडीने परतताना कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्यात छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, आटोपला कारभार. मुंबईत ईसीजी काढला तर एकदम चोख. डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तुम्हाला कसं सांगणार? आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागला की ‘रत्नागिरीला नेऊन सोडा’ म्हणतात. तिथलं मनोरुग्णालय १८८६चं, थट्टाही बहुतेक तितकीच जुनी. बाबा, तुम्हीही म्हणता. राग नाही, पण तेव्हा तेच आडवं आलं.

त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात. साधारण दहा मिनिटांत जोर टिपेला पोचतो आणि मग ओसरतो. खरी गोम पुढे आहे. गाडी टाळली की हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसली जाते. मी दोन वर्षं तिला खाऊ घालत होतो.

बाईंकडे जाणं जानेवारीत संपलं. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘पुन्हा धडधडेल. धडधडलं म्हणजे नापास झालात असं नाही.’ वही मात्र चालू आहे. काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, एवढंच लिहितो. एप्रिलमध्ये खेडपर्यंत गेलो. वाटेत नातूवाडीचा चार किलोमीटरचा बोगदा लागतो. घाम फुटला, पण बसून राहिलो. खेडला वडापाव खाल्ला आणि परत आलो. (आई, एकच खाल्ला.) त्या रात्री वहीत लिहिताना कळलं, मला मरणाची भीती नव्हतीच. डब्यातली माणसं बघतील, ह्याची होती. हे बाईंकडे असताना कधी सुचलं नव्हतं.

आणखी एक, बाबा. मे २०२१च्या तौक्ते वादळात आपली कलमं आडवी झाली. तेव्हापासून वारा सुटला की तुम्ही रात्री बॅटरी घेऊन बागेत जाता. विचारलं तर ‘काय नाय, असाच.’ मी डॉक्टर नाही आणि घरच्यांची परीक्षा घेऊ नये, हेही शिकलोय. फक्त माझं उत्तरही इतकी वर्षं ‘काही नाही’ हेच होतं. पुढच्या वेळी मला उठवा, दोघं जाऊ. कधी परक्याशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी मांडवीने येतोय, कणकवलीला उतरेन. गणपतीवरची माटवी मीच बांधणार, दुसऱ्या कुणाला बांधायला सांगू नका. उक्षी सुटलं की करबुडे, साडेसहा किलोमीटर. आत रेंज नसते. आई, तेवढ्यात फोन लागला नाही तर देव पाण्यात घालून बसू नकोस.

तुमचा,
बाळू