दारात समुद्र असताना

ह्यूस्टन,
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायना बरोबर आहे ना, बाबा? लाल पेन खाली ठेवा. मागच्या रविवारी मी फोनवर "कॅनकून" एवढंच म्हटलं, तर तुम्ही "समुद्र बघायला मेक्सिकोला? आपल्या दारात काय गटार आहे?" असं म्हणून फोन आईकडे दिलात आणि आईने तो वहिनीकडे. म्हणून आता लिहूनच काढते. वहिनी, तू वाचून दाखवत असशील तर मधलं काही गाळू नकोस, मला कळतं.

आधी सांगून टाकते, बुकिंग झालेलं आहे. १८ ते २३ फेब्रुवारी, पाच रात्री, एक खोली तुमची, एक आमची. तुम्ही तेव्हा आमच्याकडे असालच, म्हणून ह्यूस्टनहून विमानाची तिकिटंही काढली. आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते माळ्यावरच्या त्या अर्ध्या जिन्याला विचारा. तारीख आईचं कॅलेंडर समोर ठेवून घेतली आहे. एकादशी १३ला आणि २७ला. महाशिवरात्र १५ला, ती घरीच होईल. १७ची तिकिटं स्वस्त होती, पण त्या दिवशी अमावस्या, म्हणून १८. समीर म्हणाला, अमावस्येचे चाळीस डॉलर पडले.

पैशांचं आधी बोलते, म्हणजे बाबा पुढचं ऐकतील. खोल्यांचे पैसे भरलेले नाहीत. २०२४ साली मी दर रविवारी रात्री कामासाठी मिनियापोलिसला जायचे आणि गुरुवारी परत यायचे ना, तेव्हा उतरायचे ती हॉटेलं सगळी हयात कंपनीची. हसू नका बाबा, नाव खरंच हयात आहे. तुम्ही याच महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन आलात, माझे दाखले त्या कंपनीच्या वहीत आहेत. वर्षात ६० रात्री भरल्या की ते आपल्याला 'ग्लोबलिस्ट' म्हणतात. माझ्या त्याहून कितीतरी जास्त भरल्या. म्हणजे ग्लोबलिस्ट कोण, तर जी बाई वर्षाच्या साठ रात्री स्वतःच्या घरी झोपत नाही ती. आई, शेजारी सांगताना असं सांगू नकोस. बिल ऑफिसने भरलं, पॉइंट माझ्या नावावर साठले, आणि त्या पॉइंटांत त्याच कंपनीच्या कॅनकूनच्या रिसॉर्टमधल्या या खोल्या आल्या. एका खोलीचे पॉइंट दिले की दोन माणसांचं खाणंपिणं त्यातच धरलेलं असतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर खंड दुसऱ्याने भरला आणि बागेचं उत्पन्न आपण घेतलं.

फेब्रुवारीच का, तर २०२४मध्ये मिळालेली ही पदवी २८ फेब्रुवारी २०२६ला संपते. नव्या नोकरीत प्रवास नाही (ती कोणाच्या आग्रहावरून घेतली, आठवा), यंदा माझ्या जेमतेम नऊ रात्री झाल्या, तेव्हा पुन्हा काही मी ग्लोबलिस्ट होत नाही. पॉइंटांचंही तसंच. दोन वर्षं खात्यात हालचाल नसली की ते बुडतात, आणि त्याआधी कंपनीने दर वाढवले तर याच पॉइंटांत पाचाच्या तीन रात्री होतात. पिकलेला चिकू किती दिवस टोपलीत ठेवणार?

खरं तर अशा ठिकाणी त्या पदवीचा उपयोग थोडाच. एरवी ग्लोबलिस्टला नाश्ता फुकट असतो. इथे नाश्ता, दोन वेळचं जेवण, चहा, सरबतं, रात्री अकराला खोलीवर मागवलेलं सूप, सगळं सगळ्यांनाच भाड्यात. स्पा, मोटारबोटी आणि बाहेरच्या सहली तेवढ्या वेगळ्या. मग आपल्याला जास्तीचं काय? रिकामी असली तर वरच्या दर्जाची खोली, आणि निघायच्या दिवशी दुपारी चारपर्यंत खोलीत राहायची सवलत, तीही जागा असली तर. मला ती चारची सवलत हवी आहे. आईला जेवल्यावर तासभर आडवं व्हायला मिळेल. विमान म्हणूनच संध्याकाळचं घेतलंय.

बाबा, तिथल्या मेनूकार्डावर उजवीकडे आकडे नसतात. मला पहिल्या दिवशी चुकल्यासारखं झालं होतं. डहाणू रोडला स्टेशनसमोरच्या त्या उडप्याकडे तुम्ही कार्ड उजवीकडून वाचायला सुरुवात करायचात, मग माझ्यासाठी आणि दादासाठी एक मसाला डोसा दोघांत, आईला इडली, आणि "मला काही नको, मी शाळेत खाल्लंय." मे महिन्यात शाळेत खाल्लंय! ते मला नववीत कळलं, तेही दादाने सांगितलं म्हणून. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकर मारत बसायचात आणि मी डोशाचा कुरकुरीत कडेचा तुकडा मोडून तुमच्या बशीशेजारी ठेवायचे. तुम्ही तो गप्पा मारता मारता परत माझ्या ताटलीत सरकवायचात. या वेळी सरकवायला कारण नाही. एक सांगते, आवडलं नाही तर पानात टाकायचं आणि दुसरं मागायचं. तुम्ही टाकणार नाही, माहीत आहे. निदान थोडं थोडं घ्या.

आई, आता तुझं. तुझ्या माळेला धक्का लागणार नाही. आमच्या लग्नात कॅटररने तुला फसवलं होतं ते मी विसरलेले नाही. तिथे शाकाहारी दिसणाऱ्या दोन गोष्टींपासून सांभाळायचं. घोटलेल्या राजम्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते, तिला ते 'मांतेका' म्हणतात. आणि लाल भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. दोन्ही घ्यायचं नाही. स्वयंपाक्याला भेटून साधा पांढरा भात आणि बिनचरबीचा राजमा वेगळा करून घ्यायचं काम माझं, स्पॅनिशमध्ये मी लिहूनच ठेवलंय. दही सकाळी असतं. पपई, अननस, पेरू असतात. मक्याची भाकरी मात्र तू नीट बघ. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात, मग भाकऱ्या. चुन्याचं ऐकून तू नाक मुरडशील आणि वास आला की दोन मागून घेशील. गव्हाची घेऊ नकोस, तिच्यात चरबी असू शकते. आणि अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत मिळतं, 'हामाइका' म्हणतात. तुझ्या सरबतापेक्षा गोड आहे, पण रंग तोच. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं मी इथूनच बंद पाकिटातलं घेईन. आंघोळीला तुझा हिरवा मग घे. तिथे शॉवर असतो, आणि शॉवरखाली आंघोळ झाली असं तुला वाटत नाही.

समुद्राचं म्हणाल तर बाबा, तो आपल्यासारखा नाही. आपल्याकडे ओहोटीला पाणी शोधत अर्धा किलोमीटर चिखलातून जावं लागतं. तिथे ओहोटी म्हणावी अशी ओहोटीच नाही, समुद्र दिवसभर जागचा हलत नाही. वाळू पांढरी, शिंपल्या-प्रवाळांच्या चुऱ्याची, भर दुपारीही पायाला चटका देत नाही. आईला अनवाणी चालता येईल, डॉक्टरांनी सांगितलंच आहे. रिसॉर्ट अगदी टोकाला आहे, तिन्ही बाजूंना पाणी. उन्हाळ्यात तिथे शेवाळाचे ढीग वाहत येतात आणि वास मारतो, जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस, म्हणूनही फेब्रुवारीच बरा. अंतराचा बाऊ करू नका. ह्यूस्टनहून विमान अडीच तासांच्या आत पोचतं, डहाणूहून चर्चगेटची लोकल त्याहून जास्त वेळ घेते.

पण तुम्हाला न्यायचंय ते खरं समुद्रासाठी नाहीच. बाबा, चिकू मूळचा तिथला आहे. त्या युकातानच्या रानातला. स्पॅनिश लोकांनी तो फिलिपिन्सला नेला, मग पुढे आशियात पसरला आणि हळूहळू आपल्या घोलवडपर्यंत आला. नावसुद्धा तिकडचंच, ते लोक 'चिकोसापोते' म्हणतात. मायांच्या जुन्या देवळांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या तुळया आहेत, हजार वर्षांहून जुन्या. कॅनकूनपासून गाडीने पाऊण तासावर पुएर्तो मोरेलोस म्हणून गाव आहे, तिथल्या वनस्पती बागेत जुनी चिकूची झाडं आहेत. पूर्वी च्युइंगम या झाडाच्या चिकापासून व्हायचं. चीक काढणारे लोक दोर बांधून खोडाला नागमोडी खाचा पाडत वर चढायचे. त्या खाचा अजून आहेत, भरून आलेल्या, बोट बसेल एवढ्या. मी हात लावून पाहिलं आणि वाटलं, बाबा असते तर झाडाची ही दशा करणाऱ्याला इथेच उभं करून झापलं असतं. चिकूची तुमची ती कालीपत्ती जात पन्नास वर्षं सांभाळलीत, तिचं माहेर एकदा बघा.

हे मी कधी पाहिलं, असं आता तुम्ही विचारणार. मार्चमध्ये. तुम्हाला "ट्रेनिंगला गेलेय" म्हणून सांगितलं होतं तेव्हा. आम्ही तिघं चार रात्री तिथे होतो. आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि व्यायामाच्या वेळी तू रडतेस असं वहिनी सांगत होती. ऑपरेशनला मी जेमतेम नऊ दिवस आले, "रजा नाही" म्हणून परत गेले. रजा खरंच नव्हती. मार्चमध्ये मिळाली, तर चिनूला सुट्टी होती, समीर वर्षभर एकटा घर सांभाळून थकला होता, पॉइंट पडून होते... जाऊ दे. कारणं तेव्हाही होती, आताही आहेत. तुला फोन लावताना मी खोलीचा पडदा ओढून घेतला, मागे समुद्र दिसू नये म्हणून. तू विचारलंस, "तिकडे आवाज कसला येतोय गं?" मी म्हटलं, एसीचा. तू "बरं" म्हणालीस आणि आपण चिनूच्या दाताबद्दल बोललो. तुझा जन्म त्या आवाजात गेलाय. तुला कळलं नसेल, असं मला एकदाही वाटलेलं नाही. तेव्हापासून बोलायचं राहिलं होतं.

दादाने सगळं निभावलं हे मला माहीत आहे. त्यालाही बोलावलंय, तो म्हणाला तोडणीच्या दिवसांत दोघांपैकी एकाने वाडीत हवं. बाबा, म्हणजे तुमची ती सबबही गेली.

आता कामाचं. हे वहिनीने दोनदा वाचावं.

गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, निदान दहा दिवसांच्या जास्त. डब्यात मोकळ्या ओतून आणायच्या नाहीत. कॅनकूनचं घड्याळ ह्यूस्टनच्या एक तास पुढे असेल, त्यामुळे बाबांची आठची गोळी तिथे नऊला, याचा हिशेब करत बसू नका, मी देईन. विमानतळावर दोघांनाही व्हीलचेअर. बाबा, "मी रोज बोर्डीपर्यंत चालतो" हे तिथल्या माणसाला सांगायचं नाही. तुम्ही चालाल, पण व्हीलचेअर असली की आईला रांगेत उभं राहावं लागत नाही. आणि पिशवीत चिकू आणू नका. मागच्या वेळी त्या अधिकाऱ्याने एकेक काढून कचऱ्यात टाकला आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, अमेरिकेचा चालतो, आणि तुमचा २०२९पर्यंत आहे. नळाचं पाणी प्यायचं नाही, चूळही बाटलीच्या पाण्याने. किनाऱ्यावर झेंडे असतात, लाल दिसला की पाण्यात पाऊल नाही. तुम्ही बोर्डीत पोहायला शिकलात हे त्या लाटांना माहीत नाही. आईच्या पायात तो निळा पट्टा रोज. रोज म्हणजे रोज.

रागावून लिहिलंय असं वाटलं तर तसं नाही. तुम्हाला पाच दिवस मनापासून नको असेल तर ह्यूस्टनला घरीच राहू, मी वरणभात करेन, सगळं रद्द करेन. पण पुएर्तो मोरेलोसची ती बाग बघायचं तेवढं एकदा ठरवा. तुम्ही "बघू" म्हटलंत तरी मी त्याचा अर्थ "हो" असाच घेणार आहे.

दादा-वहिनींना नमस्कार, मनीला दूध जास्त घालू नका, ती फुगलीय.

तुमची,
बेबी

ता. क. आई, बाबांचा तो पांढरा सदरा आणू नकोस, ज्याचा खिसा तू तीनदा शिवलास. आणायचाच असेल तर वर ठेव. पहिल्या दिवशी ते तोच मागतील.