तो ‘थई जशे’ म्हणतो ना, मग मेल कर

चि. बाळ्या,

अनेक आशीर्वाद. डिपॉझिटचं काय झालं विचारलं की तू “देईल गं तो, जाऊ दे” म्हणतोस आणि लगेच “बाबांची शुगर कशी आहे” वर येतोस, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. मोबाईलवर टाईप करतेय, चुका असतील त्या सांभाळून घे, पण पूर्ण वाच, नुसता अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

मला कळलंय की तिकडे इंग्लंडात लेस्टरचं भाड्याचं घर सोडून कव्हेन्ट्रीला गेलास तेव्हा नवीन घराचं डिपॉझिट तू क्रेडिट कार्डवर काढलेल्या पैशातून भरलंस, कारण जुनं अजून एजंटकडे अडकलंय. म्हणजे एजंट तुझे पैसे वापरतो आणि तू कार्डाचं व्याज भरतोस. आणि हे कशामुळे, तर एजंट आपल्या नडियादकडचा, गुजरातीत बोलतो, “चिंता ना करो भाई, थई जशे”, म्हणजे होऊन जाईल, म्हणतो, आणि तुला वाटतं की आपल्याच माणसाला मेल टाकून मागायचं म्हणजे कसंतरीच. अरे, बडोद्यात जन्म गेला माझा, “थई जशे” म्हणजे काय ते मला नको सांगूस, काम होणारच नाही असं नाही, पण तू मागे लागेपर्यंत होणार नाही एवढं नक्की.

वरचा मजला आपण इतकी वर्षं भाड्याने देतोय, त्यामुळे मालकाची बाजू मला आतून माहितीय. भाडूत “घर सोडतोय” म्हणाला की बहुतेक मालकांच्या पोटात पहिला गोळा येतो तो डिपॉझिटचा, कारण ते पैसे कधीच खर्च झालेले असतात, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये नाहीतर मुलीच्या लग्नात, आणि मग नवीन भाडूत मिळून त्याचं डिपॉझिट हातात येईपर्यंत जुन्याला “हिसाब करतोय, दोन दिवसांत सांगतो” असं चालतं. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात विचार कुणालाही. मी भाडुताच्या पैशांची एफडी वेगळी ठेवते आणि बाबांना तिला हात लावू देत नाही, म्हणून आपल्याकडून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही, पण सगळे असं करत नाहीत. आणि इथे भाडूत करणार तरी काय, 11 महिन्यांचा करार, दलाल आपली दलाली घेऊन कधीच गेलेला, मालक फोन उचलत नाही, वकिलाची नोटीस पाठवायची तर वकिलाचीच फी जड. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकायदा काढला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट नको आणि ताबा परत घेताना वजावट करून उरलेलं देऊन टाका असं लिहिलंय, पण तो नुसता नमुना, राज्याने आपला कायदा केला तरच त्याला अर्थ.

तुझं तसं नाहीये, आणि माझा राग त्याचाच आहे. तिथल्या सरकारने मालकांचा हा स्वभाव ओळखून आधीच सोय करून ठेवलीय आणि तू ती वापरत नाहीस.

मी तुझा करार (तूच पाठवला होतास पीडीएफ, बाबांना दाखवायला) चष्मा लावून वाचला आणि तिथली सरकारी वेबसाईटही वाचली. 2007 च्या एप्रिलपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तुझ्यासारख्या भाडुताचं डिपॉझिट मालकाने किंवा एजंटने सरकारमान्य योजनेत नोंदवावंच लागतं. अशा योजना तीन आहेत, डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून 30 दिवसांत नोंदवायचं आणि कुठे नोंदवलं ते तुला लेखी कळवायचं, दोन्ही. तुझ्या करारात योजनेचं नाव लिहिलंय पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिन्ही वेबसाईटवर शोधायची सोय आहे, आडनाव, घराचा पोस्टकोड, भाडं कधी सुरू झालं आणि डिपॉझिट किती एवढं टाकलं की कळतं. आज रात्री जेवण झालं की पहिलं हे कर. समजा तिन्हीकडे नाव सापडलंच नाही, तर घाबरायचं एजंटने, तू नाही, कारण नोंदवलं नसेल तर तू कौंटी कोर्टात जाऊ शकतोस आणि कोर्ट त्याला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम दंड म्हणून तुला द्यायला लावू शकतं. त्याला तसं मेलमध्ये एका ओळीत लिहिलंस तरी बघ “थई जशे” चं “थई गयुं” होतं की नाही.

सापडलं तर पुढे बघायचं की पैसे कुठल्या पद्धतीने ठेवलेत. एकात पैसे योजनेकडेच जमा असतात, दुसऱ्यात पैसे एजंटकडेच राहतात आणि तो फक्त विमा भरतो. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे, कारण पैसे योजनेकडे पडून असते तर तो इतका चिकटून बसला नसता, त्याला काय फरक पडला असता. पण दोन्हीकडे नियम तोच, किती कापायचं ते तुमचं दोघांचं ठरलं की 10 दिवसांत पैसे परत. आणि तो ठरवतच नाहीये ना, तेच तर त्याचं हत्यार आहे. तर तू लेखी मागणी कर, रक्कम लिहून, बँकेचा नंबर देऊन, आणि 10 दिवस झाले आणि पैसे नाहीत की सरळ योजनेकडे वाद नोंदव. फी लागत नाही, वकील लागत नाही. मात्र विम्याच्या पद्धतीत हे घर सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावं लागतं, आणि तू असाच “देईल गं” करत बसलास तर ते तीन महिने तुझ्याच हातून जातील. मला वाटतं तो त्याचीच वाट बघतोय, पण बाबा म्हणतात तू उगाच संशय घेतेस, असो.

आता फोन बंद. फोनवर तो गोड बोलतो आणि त्याचा पुरावा राहत नाही. बोलणं झालंच तर लगेच मेल टाक की आत्ता आपलं असं असं बोलणं झालं. मेल इंग्लिशमध्ये लिही, गुजरातीत नको, गुजरातीत लिहिलंस की तू परत भाई होशील.

त्याने जे तोंडी आकडे सांगितले तेही बघूया. क्लीनिंगचे 180 पाउंड. 2019 पासून तिथे असा कायदा आहे की प्रोफेशनल क्लीनिंग करूनच द्या अशी सक्ती भाडुतावर करता येत नाही, घर घेताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्यायचं, बस. तू आणि तुझ्या मित्राने दोन दिवस घासलं, ओव्हनचे फोटो मला पाठवून वर शायनिंगपण मारलीस, ते फोटो अजून माझ्याकडे आहेत, परत पाठवते. बेडरूमच्या भिंतीच्या रंगाचे पैसे तर अजिबात देऊ नकोस, माणूस राहिला की रंग मळतो, वापराने होणारी झीज भाडुताच्या माथी मारता येत नाही, आणि जुना रंग काढून नवाकोरा करून घेण्याचा खर्च तुझ्याकडून तर मुळीच नाही. सिद्ध करायची जबाबदारी त्याची आहे, पैसे तुझे आहेत. घर देताना केलेली यादी आणि सोडतानाचा रिपोर्ट दोन्ही माग, नसतील त्याच्याकडे तर त्याचीच पंचाईत.

पण कार्पेटवरचा इस्त्रीचा डाग तुझा आहे. तो मान्य कर. नवीन पूर्ण कार्पेटचे पैसे नाही द्यायचे, कार्पेट तुझ्याआधीपासूनचं होतं, त्याच्या वयाप्रमाणे किंमत धरतात, पण शून्य म्हणून अडून बसू नकोस. स्वतःहून एक रक्कम लिही आणि बाकीचे मागून घे. एक तर ते खरं आहे, आणि दुसरं म्हणजे योजनेतला निर्णय देणारा दोघांची कागदपत्रं बघूनच ठरवतो, जो सरळ वागलेला दिसतो त्याचं त्याला पटतं असं मला तरी वाटतं. आणि ज्यावर वादच नाही तेवढे पैसे आधी मोकळे करा असंही लिही, डिपॉझिटच्या 900 मधल्या चाळीस-पन्नास पाउंडांसाठी सगळे अडवून ठेवायची गरज नाही.

900 बरोबर आहेत का तेही मी बघितलं. वर्षाचं भाडं 50,000 पाउंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तुझं महिन्याला 780, म्हणजे वर्षाचं 9,360, भागिले 52 म्हणजे आठवड्याला 180, पाच आठवड्यांचे 900. तेवढं तरी त्याने नीट घेतलंय. कव्हेन्ट्रीचा हिशोब तू कर आणि मला सांग, तू न बघताच भरले असशील याची मला खात्री आहे.

आणि एजंटच्या वागण्याची तक्रार वेगळी करता येते, ती विसरू नकोस. तिथे प्रत्येक लेटिंग एजंटला सरकारमान्य तक्रार निवारण संस्थेचं सभासद व्हावंच लागतं, त्याच्या वेबसाईटवर खाली बारीक अक्षरात नाव असेल. आधी त्याच्या ऑफिसला लेखी तक्रार, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही की संस्थेकडे. हे लांबचं काम आहे, डिपॉझिटसाठी योजनाच जवळची, पण मेलच्या शेवटी उल्लेख करायला काय जातं. अडलास तर शेल्टर आणि सिटिझन्स अॅडव्हाइस आहेत, फुकट सल्ला देतात.

तू म्हणशील आई किती कायदे सांगते. सांगते, कारण तू भांडायला घाबरत नाहीस, तुला वाईट दिसायला नको असतं, हे तुझ्या बाबांवर गेलंय. ते खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याने जास्त घेतले तरी “गरीब माणूस आहे” म्हणतात, तिथे ठीक आहे. हा एजंट गरीब नाहीये.

मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला दाखव, इंग्लिश तुझं चांगलं आहे पण तू दर ओळीत “सॉरी” आणि “जस्ट” लिहितोस ते मी काढेन. कार्डाचे पैसे भरायला मी इकडून पाठवते, बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरावा लागतो, सोमवारी जाईन, तुझ्या तिथल्या बँकेचा आयबॅन आणि स्विफ्ट कोड नीट लिहून पाठव, मागच्या वेळी एक अक्षर चुकवलं होतंस आणि पैसे परत आले होते. डिपॉझिट मिळालं की हे पैसे मला परत करायचे, ते बाबांच्या नावाच्या आरडीतले आहेत आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
आई