मुंबई नाट्यसहल : शुक्रवारी निघण्याआधी एवढं वाचून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार.

शुक्रवारी रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसनं निघतोय. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी स्टेशनवर या, ओळखपत्र जवळ ठेवा. उतरायचं दादरला.

शनिवारी संध्याकाळी जुहूचं पृथ्वी थिएटर, रविवारी दुपारी दादरचं शिवाजी मंदिर. ही जोडी मुद्दाम निवडली आहे. शिवाजी मंदिर १९६५ पासूनचं: समोर पडदा, वर बाल्कनी, व्यावसायिक नाटकांचं हक्काचं ठिकाण. पृथ्वी १९७८ चं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. तिथं प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, त्यामुळे नट पाठमोरा वळला तरी कुणाच्या तरी समोरच असतो. आपण कुठल्या बाजूला बसलोय आणि तिथून काय दिसलं, हे लक्षात ठेवा. चर्चा तिथूनच सुरू होईल.

दोन्ही खेळांनंतर जाणकारांशी तासभर गप्पा आहेत, दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना यांवर. राज्य नाट्य स्पर्धेचे खेळ आपण आवडीनं बघतो, पण प्रयोग संपला की शेवटच्या बसच्या धास्तीनं पांगतो. नाटकावर बोलायचं राहूनच जातं. म्हणून कृपा करून चर्चा सोडून खरेदीला जाऊ नका. प्रश्न विचारायला लाजू नका, आपल्या बोलीत विचारा.

पृथ्वीत उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत, तिकीट हातात असलं तरी. मोबाइल बंद, नुसता सायलेंट नव्हे. ज्येष्ठांनी पायऱ्यांची अडचण असल्यास गुरुवारपर्यंत कळवावं, म्हणजे खुर्च्या तशा ठरवता येतील. रात्रीच्या प्रवासाला दशम्या-चटणी बांधून आणा.