डल म्हणजे काय रे?

म्हापसा,
शुक्रवार, दुपार

प्रिय विनू,

स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "धंदा कसा चाललाय?" आणि मी म्हटलं, "डल." तुझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. "डल म्हणजे काय रे? मराठीत सांग की." मी हसण्यावारी नेलं, पण फोन ठेवल्यावर खरंच अडलो. आज बाजाराचा शुक्रवार, तरी सकाळपासून भवानी झालेली नाही. पाऊस असा कोसळतोय की समोरचं दुकान दिसत नाही. म्हटलं, माशा मारत बसण्यापेक्षा तुला उत्तर लिहून टाकू.

धंद्यापुरतं सोपं आहे. मंदी. जूनमध्ये गणवेशाचं कापड खपलं, आता चवथ जवळ येईपर्यंत गिऱ्हाईक फिरकायचं नाही. पण हाच शब्द माझ्या दुकानात दिवसातून दहा वेळा भलत्याच अर्थाने ऐकू येतो. बायका तागा उलगडायला लावतात, कापडाचं टोक धरून दारापर्यंत जातात, उजेडात बघतात आणि म्हणतात, "हो कलर डल दिसता रे." आता इथे मंदी म्हणून चालेल का? एकीला फिकट म्हणायचं असतं, दुसरीला विटका, तिसरीला नुसतंच 'लग्नात शोभणार नाही'. बाबा गल्ल्यावर असताना अशा वेळी ते एकच शब्द टाकायचे, "मळखाऊ आहे हो, वहिनी." की लगेच कापड फाडलं जायचं! रंग तोच, पण खोट होती तिथे गुण झाला. मी हल्ली तो शब्द वापरत नाही. नव्या मुलींना कळत नाही, आणि समजावून सांगायला गेलं की माल खपवतोय असं वाटतं. तसा खपवतच असतो म्हणा.

घरी हे प्रकरण धाकटीमुळे पेटलं. ताप आला म्हणून तिने रजेच्या चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलं की काल मी 'डल' होते, म्हणून शाळेत आले नाही. बाई खूप हसल्या म्हणे. आपण 'आज जरा डल वाटतंय' म्हणतो तेव्हा अंगातली मरगळ सांगत असतो. इंग्रजाने 'आय अ‍ॅम डल' ऐकलं तर त्याला वाटणार, ही पोर स्वतःलाच मठ्ठ म्हणवून घेतेय, नाहीतर आपल्या संगतीत काही राम नाही असं कबूल करतेय. 'फीलिंग' मध्ये घातलं असतं तर निभावलं असतं.

मग रात्री शब्दकोश काढून बसलो. एका शब्दापुढे किती काय! धार गेलेली सुरी, कुंद दिवस, चमक उतरलेलं भांडं, थंड बाजार, रटाळ भाषण, ढ मुलगा, सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला, त्यात 'डल'चा एक अर्थ देताना त्याने उदाहरण दिलंय की कोश तयार करणं हे डल काम आहे. आठ-नऊ वर्षं त्या कामात घालवलेला माणूस तो, त्याने लिहिलं तर शोभतं.

धाकटीने पुढे विचारलं, "मग डल आणि बोरिंगमध्ये फरक काय?" मी म्हटलं, डल माणूस आपल्या जागी मंद तेवत असतो, बोरिंग माणूस आपल्याला भोक पाडतो. मूळ धातूही तसाच असावा असं आपलं मला वाटतं, कारण आपल्याकडेही बोअर मारतात ती जमिनीला. (हे वाक्य वर्गात वापरू नकोस, चूक निघाली तर माझं नाव सांगशील.) तिला त्यापेक्षा गावांची गोष्ट जास्त आवडली. स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये डल नावाचं खेडं आहे आणि अमेरिकेत ऑरेगनमध्ये बोरिंग नावाचं गाव आहे. २०१२ साली दोघांनी रीतसर सोयरीक जुळवली. पुढे ऑस्ट्रेलियातलं ब्लँडही त्यांना येऊन मिळालं. ब्लँड म्हणजे आळणी. तिघांची पंगत बसली तर वाढायचं काय, हा हिचा प्रश्न.

खरी गंमत आईला दवाखान्यात नेलं तेव्हा झाली. गुडघा महिनाभर धरलाय. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शार्प पेन की डल पेन?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग स्वतःच म्हणाली, "कळ येत नाही. चमक पण नाही. ठणकत म्हणशील तर तसंही नाही. आत कोणीतरी ठाण मांडून बसलंय बघ." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर 'डल' लिहिलं. चुकलं काहीच नाही. पण तीन दुखणी एकेक करून बाजूला सारून म्हातारी जिथे पोचली, ते सगळं त्या एका शब्दात गडप झालं ना!

तेव्हापासून मला नादच लागलाय. शेजारच्या होमस्टेमध्ये उतरलेला पाहुणा व्हरांड्यात बसून म्हणाला, जुलैतला गोवा फार डल. मळभ आलेलं बघून म्हणाला, का शॅक बंद म्हणून, की आमचं सुशेगाद चालणं बघून, कोण जाणे. सुशेगाद हा शब्द आम्ही पोर्तुगिजांच्या 'सोसेगादो'वरून घेतला, म्हणजे निवांत. त्याला तो कुठल्या खणात टाकेल? मासळीबाजारातही तेच. बंदीमुळे ट्रॉलरची मासळी नाही, जे येतं त्याचं सोनं. परवा बांगडे बघत होतो तर एक जण पोराला शिकवत होता, "डोळो डल जाल्यार घेवंचे न्हय." ही मात्र कल्ला उचलून लाली बघते, डोळ्यावर वाकते आणि म्हणते, "हे मेलेत कधीचेच." निस्तेज वगैरे काही नाही. मी तिला सांगितलं, सगळेच मेलेत. त्यावर जे ऐकावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण विनू, मला लिहायचं होतं ते दामूबद्दल. शेवटच्या बाकावरचा आपला दामू आठवतो ना? त्याच्या प्रगतिपुस्तकात सरांनी शेऱ्याच्या जागी इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, 'डल'. मठ्ठ लिहायची त्यांना लाज वाटली असणार, इंग्रजीत लिहिलं की सभ्य दिसतं. दामूच्या आईला वाचता येत नव्हतं, तिने तुझ्याकडून वाचून घेतलं. तू म्हणालास, "शांत आहे, असं लिहिलंय." त्या थापेबद्दल मी तुला आजवर कधी काही बोललो नाही. परवा कोशात बघताना कळलं की या शब्दाचा फार जुना अर्थच मुळी मूर्ख. सुरी आणि आभाळ मागाहून आले. त्याचाच जर्मन भाऊबंद 'टोल'. तो आधी वेडा होता आणि आज जर्मन पोरं झकास या अर्थाने वापरतात. म्हणजे एकाच घरातला एक ढ राहिला आणि दुसरा झकास झाला.

दामू हल्ली मालीमच्या जेटीवर इंजिनं दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ट्रॉलर ओढून ठेवलेले असतात आणि याला मान वर करायला फुरसत नसते. गेल्या रविवारी गेलो होतो. तांडेल सांगत होता की इंजिन ठीक आहे, फक्त 'साउंड डल' येतो. दामूने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एका जागी ऐकलं, वीतभर सरकला, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या जागी थांबला. "हांगा बद्द वाजता," म्हणाला. बद्द! चिरलेलं मडकं वाजतं तसं. कितीतरी वर्षांनी हा शब्द ऐकला मी. उघडून बघितलं तर बेअरिंग गेलेलं.

तुझी चौकशी केली त्याने. चवथीला येशील का विचारत होता. ये. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला उंच माणूस लागतो आणि आमच्यात कोणी नाही.

पाऊस उणावलाय, एक बाई छत्री मिटून पायरी चढतेय. भवानी होईल असं वाटतंय.

तुझा,
शिरीष

ता. क. : आईसाठी एखादं चांगलं तेल तुमच्याकडे मिळत असेल तर येताना घेऊन ये. ठाण मांडून बसलेलं अजून उठलेलं नाही.