लिथियम आणि आपला उन्हाळा

आर्वी, दि. ९ जून

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व बरे आहोत. आईचे गुडघे नेहमीचेच. पत्र दिनूविषयी आहे, आणि ते तुलाच लिहितो आहे, कारण इथे त्याच्या गोळ्यांचा विषय निघाला की माणसे आधी दार लोटून घेतात.

वखरणी चालू असताना त्याचे हात इतके कापू लागले की पाण्याचा तांब्या धरवेना. मनाच्या चढउतारांसाठी तो लिथियमच्या गोळ्या घेतो, आणि त्यांनी बोटांना थोडा कंप असतोच. पण पाठोपाठ जुलाब लागले, चाल अडखळू लागली, तेव्हा वर्ध्याला नेले. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तात लिथियमची पातळी १.६ निघाली, एरवी ती ०.६ ते १.० असावी लागते. गोळी एकही जास्त घेतलेली नव्हती. घामावाटे पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकून राहते. त्यात आईने रक्तदाबाच्या धास्तीने त्याचे जेवण अळणी केलेले, आणि हा कंबरेसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून खात होता, ज्याने लिथियम बाहेर पडणे आणखी मंदावते. १९४९ साली उन्मादावर, म्हणजे मन वरच्या टोकाला उसळते त्यावर, लिथियमचा गुण दाखवणारे जॉन केड ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्याकडेही ऊन असतेच म्हणा, पण त्यांना आपल्या आईच्या हातची अळणी भाजी ठाऊक नव्हती.

सलाईनने तो सावरला. मात्र आता म्हणतो, गोळीच नको, आणि माझी खरी काळजी ही आहे. नुसत्या नैराश्याच्या गोळीवर असताना त्याची झोप उडाली होती आणि बैलजोडी विकून त्याने बुलेट आणली होती, हे तू पाहिले आहेस; ज्याचे मन दोन्ही टोकांना जाते, त्याला ती गोळी एकटी दिली तर असे होऊ शकते. तू मात्र हॉस्टेलवर आठवड्यात गुण नाही म्हणून नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनचे पाकीट कॅरमच्या डब्यात टाकलेस आणि माझ्याशी महिनाभर अबोला धरलास. ती गोळी सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारे रसायन, पुन्हा शोषले जाणे काही तासांतच अडवते, पण ते सोडण्यावर पेशींनी स्वतःच घातलेले लगाम सैल व्हायला, आणि म्हणून गुण यायला, काही आठवडे लागतात. तेव्हा त्या भांडणात मी बरोबर होतो, हे लेखी कबूल कर. लिथियमचे काम निराळे आहे. ते पेशीच्या आत, निरोप पुढे नेणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) चालते, आणि त्यांतल्या नेमक्या कोणत्या बदलाने मन स्थिरावते यावर शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. ते एकाएकी सोडले तर उन्माद पुन्हा उसळण्याची भीती मोठी. आत्महत्येचा धोका लिथियम घेतल्याने कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आणि आपल्याकडे फवारणीचे डबे घरातच असतात, हे तुला सांगायला नको.

वहिनींची बदली झाली का? चिमणीचा निकाल कळव.

पेरणीआधी एकदा येऊन जा. गोळी, कमी मात्रेत का होईना, चालू ठेव, हे दिनू तुझ्याकडूनच ऐकेल. आणि मीठ एकदम कमीही करायचे नाही, वाढवायचेही नाही, हे आईला तूच सांग. माझ्या तोंडून ऐकले की ती म्हणते, डॉक्टर झाला मोठा.

तुझा,
वसंता