लिव्हिंग विलमध्ये नाव कुणाचं घालायचं, ते नीट बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लिव्हिंग विलबद्दल अधूनमधून पेपरात छापून येतं, त्यामुळं आमच्याकडं विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांत पण हा विषय निघतो. बहुतेकींना आता एवढं माहीत झालंय की सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली, आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या, डोकं ठिकाणावर असलेल्या कुणालाही आधीच लिहून ठेवता येतं की बरं व्हायची आशा संपली आणि मला बोलता पण येत नसलं तर नुसतं मशीनवर जगवत ठेवू नका. पण त्या कागदात जवळच्या नातेवाइकांची नावं पण लिहायची असतात, डॉक्टर आपल्या वतीनं ज्यांना विचारणार त्यांची, त्यावर कुणी बोलतच नाही. "मुलगा आहे की, तो बघंल" म्हणून विषय संपतो. मला नेमकं त्यावरच लिहायचंय.

माझ्या सासूबाईंनी काही लिहून ठेवलं नव्हतं. शेवटची काही वर्षं त्यांचं सगळं माझ्याकडंच होतं, औषधं, अंघोळ, रात्रीचं उठवणं. नखं काढताना त्या मला किती वेळा म्हणायच्या, "शेजारच्या आक्काला नाकातोंडात नळ्या घालून महिनाभर ठेवलं तसं मला करू नका गं." मग त्यांना मिरजेला अ‍ॅडमिट केलं, व्हेंटिलेटर लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता सुधारणा होणार नाही. आयसीयूचं दार उघडून सिस्टरनी विचारलं, "पेशंटचं निर्णय घेणारं कोण आहे?" तर पुण्याहून आदल्या रात्री आलेले थोरले दीर उठले. ते म्हणाले काही काढायचं नाही, लोक काय म्हणतील, नणंद म्हणाल्या घरी घेऊन चला, आणि मी डब्याची पिशवी धरून तिथंच उभी. मी सांगायला गेले तर "तू थांब जरा" म्हणाले. चार दिवस असंच चाललं आणि शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतो म्हणून सही करून अँब्युलन्सनं घरी आणलं. घरी नळी काढल्यावर त्यांना श्वासाचा जो त्रास झाला तो बघवत नव्हता, कारण तो कमी करणारं औषध द्यायला घरी कोण असणार? हेच सगळं रीतसर झालं असतं तर त्या हॉस्पिटलातच राहिल्या असत्या, मशीन काढलं तरी दुखणं आणि धाप कमी करायची औषधं चालू राहिली असती. हे मला फार लागलंय, अजून लागतंय.

म्हणून सांगते, थोरला आहे, मुलगा आहे, शिकलेला आहे म्हणून नाव घालू नका. रात्री दोनला फोन गेला तर तासाभरात पोचेल असं माणूस बघा, नातेवाइकांच्या गराड्यात आवाज न चढवता "आईनं असं सांगितलंय" एवढं ठामपणे बोलंल असं बघा, आणि त्याचं स्वतःचं मत वेगळं असलं तरी तुमचंच म्हणणं सांगंल असं बघा. सून चालते, मुलगी चालते, भाऊ चालतो. एकापेक्षा जास्त नावं घालता येतात, ती घालाच.

सुनेचं नाव घातलं तर इस्टेटीसाठी नळ्या काढायला लावंल अशी भीती काही जणी बोलून दाखवतात. तसं होत नाही ओ. नाव असलेलं माणूस एकट्यानं काही बंद करू शकत नाही. आधी हॉस्पिटलचं बोर्ड बसतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर, दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत सांगायचं, आणि अंमलबजावणीच्या आधी मॅजिस्ट्रेटना कळवायचं. मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही. इंजेक्शन देऊन मारणं हे तर आपल्याकडं आजही बेकायदाच आहे. आणि विनोबांनी १९८२ ला पवनारला अन्नपाणी सोडलं ते पण वेगळं, त्याच्याशी हे जोडू नका.

कागद करणं आता सोपं आहे. पूर्वी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, ती अट २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानंच काढली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. मत बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

आम्ही दोघांनी केलंय. माझ्या कागदात माधवनगरला दिलेली मुलगी आणि धाकटे दीर. मुलगा बंगळूरला असतो, त्याला वाईट वाटलं, "मी काय परका आहे का" म्हणाला. त्याला व्हिडिओ कॉलवर सगळा कागद वाचून दाखवला, न्यूमोनिया झाला आणि बरी व्हायची शक्यता असली तर व्हेंटिलेटर लावा की, त्याला मी कुठं नाही म्हणतेय, पण मेंदूच गेला तर डायलिसिस नको, छाती दाबणं नको, असं एकेक बोलले. तासभर गेला त्यात. एक कॉपी त्याच्याकडं पण पाठवली. नुसती सही घेऊन कागद कपाटात ठेवला असता तर मुलीला ऐनवेळी भावाशीच भांडावं लागलं असतं.

या कागदाची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडं आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडं द्यायची असते. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी हायकोर्टात जनहित याचिका केली आणि राज्य सरकारनं असे अधिकारी नेमले. तर आपल्या सांगली-सातारा भागातल्या सगळ्या महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींना विनंती आहे की त्या अधिकाऱ्याचं नाव आणि बसायची वेळ दर्शनी भागात मराठीत लावावी. हॉस्पिटलांनी अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर, पेशंट बोलतोय तोवरच, "तुमच्या वतीनं कुणाला विचारायचं" हे लिहून घ्यावं. आणि संपादक साहेब, तुम्ही एका रविवारी अर्धं पान देऊन या कागदाचा मराठी नमुना छापा, कापून ठेवता येईल असा.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली